नकाशात नसलेलं घर

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो, साखळीचं दुसरं टोक धरायला. आज टोटल स्टेशन आणि जीपीएस वापरणाऱ्या मुलामुलींनी ती शंकू साखळी पाहिलीही नसेल. लांबी ३३ फूट, तिचे १६ भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचं. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. कचेरीच्या आवारात दोन दगड पक्के रोवलेले होते आणि त्यांच्यावर छिन्नीने खुणा केलेल्या होत्या. शेतावर निघण्याआधी वडील त्या दोन खुणांमध्ये साखळी ताणून बघायचे. कड्या झिजतात, साखळी हळूहळू लांबत जाते. लांबलेल्या साखळीने मोजलं की शेत कागदावर लहान होतं आणि भाऊबंदकी कोर्टात जाते. म्हणून आधी साखळी तपासायची, मग शेत.

पुढे मी आयुष्यभर डिप्लोमाच्या मुलांना सर्वेक्षण शिकवलं. आज मला इथे बोलावलंय ते एका वेगळ्याच मोजणीबद्दल बोलायला. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. तिचं सांकेतिक नाव ट्रिनिटी. राजकारण, ओपेनहायमर, हिरोशिमा, यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. पण ती चाचणी मुळात मोजण्यासाठी होती. बाँब फुटतो की नाही एवढंच बघायचं असतं तर एक माणूस दुर्बीण घेऊन पुरला असता. तिथे शेकडो माणसं कित्येक महिने तारा ओढत आणि खंदक खणत होती, कारण तो किती फुटतो हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आणि इथेच मोजणीतली पहिली अडचण उभी राहते. किती मोठं आहे तेच ठाऊक नाही, ते मोजायचं कशाने? सोनाराचा काटा घेऊन उसाची बैलगाडी तोलता येत नाही, आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवून उपयोग नाही. काटा आधी निवडावा लागतो. बाँब जिथे तयार झाला त्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी आपापसात एक-एक डॉलरची पैज लावली होती, स्फोट किती टन टीएनटीइतका, म्हणजे नेहमीच्या स्फोटकाइतका, होईल याची. ओपेनहायमर म्हणाले ३००. किस्टियाकोव्स्की १,४००. हान्स बेथे ८,०००. एडवर्ड टेलर ४५,०००. नॉर्मन रॅम्झी यांनी तर शून्य लिहिलं. इसिडोर राबी उशिरा आले, तेव्हा जे आकडे शिल्लक होते त्यातला १८,००० त्यांच्या वाट्याला आला, आणि ते जिंकले. या कामात जगात ज्यांच्याहून जास्त कुणाला कळत नव्हतं, त्यांच्या अंदाजांत शून्यापासून ४५,००० पर्यंतचं अंतर होतं. आता सांगा, दाबमापकाची पट्टी कुठून कुठपर्यंत आखायची?

चाचणीचे प्रमुख होते केनेथ बेनब्रिज, हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी जे केलं ते वाचताना मला कचेरीतले ते दोन दगड आठवले. ७ मे १९४५ ला त्यांनी आधी एक साधा स्फोट घडवला. १०८ टन टीएनटीच्या पेट्या, सुमारे वीस फूट उंचीच्या लाकडी मचाणावर रचलेल्या, आणि त्या थप्पीत हॅनफर्डच्या अणुभट्टीतलं थोडं किरणोत्सर्गी द्रव्य नळ्यांमधून फिरवलेलं. कशासाठी? साखळी तपासायला. इथे ऊर्जा किती ते आधीच माहीत होतं. मग उपकरणं काय आकडा देतात तो बघायचा. उपकरणांची अंतरंही प्रमाणात कमी करून ठेवली होती. स्फोटाच्या धक्क्याचा एक नियम आहे. ऊर्जा हजारपट वाढली तर तोच दाब दहापट अंतरावर मिळतो, म्हणजे अंतर घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. त्या हिशोबाने छोट्या स्फोटासाठी उपकरणं जवळ आणायची.

त्या तालमीतून शास्त्राइतकीच व्यवहाराचीही शिकवण मिळाली. धुळीच्या रस्त्यांनी गाड्या आणि नाजूक यंत्रं दोन्ही खराब होत होती, मग रस्ते डांबरी केले. टेलिफोन आणि रेडिओ वाढवले. आणि बेनब्रिजनी एक तारीख ठरवून टाकली, त्यानंतर कुणीही नवं उपकरण आणायचं नाही. साइटवर काम केलेल्या माणसालाच या निर्णयाचं मोल कळेल. शेवटच्या दिवशी कुणीतरी हमखास येतो, "साहेब, माझं एवढंच एक जोडून घ्या ना," आणि त्या एकाच्या तारेमुळे दुसऱ्या दहा जणांच्या तारा बिघडतात.

जागा होती होर्नादा देल मुएर्तो, जुन्या स्पॅनिश वाटेवरचा ओसाड पट्टा. मधोमध शंभर फुटी पोलादी मनोरा, त्यावर बाँब. हा शून्यबिंदू. बाकी सगळी जागा या बिंदूपासूनच्या दिशेवरून आणि अंतरावरून ओळखली जायची. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण दिशेला दहा-दहा हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरवर, मातीत दडवलेले तीन लाकडी-काँक्रीटचे आसरे. आठशे यार्डांवर कॅमेऱ्यांचे शिशाने मढवलेले कोष. दक्षिणेला सुमारे सोळा किलोमीटरवर बेस कॅम्प. या सगळ्या जागा आधी नीट मोजून खुंट्या मारलेल्या होत्या. पुढे जी उत्तरं निघाली त्यातली बरीचशी या खुंट्यांवर उभी आहेत, ते मी थोड्या वेळाने फळ्यावर दाखवतो.

त्याआधी एक प्रयोग. कुणीतरी तो पंखा बंद करा. थांबू द्या पूर्ण. ही वहीच्या कागदाची बारीक कात्रणं. हात वर करून सोडतो... बघा, साधारण पायाशीच पडली. आता तुमच्यापैकी दोघं मागचं दार जोरात ओढून लावा आणि मी पुन्हा सोडतो... दिसलं? टाचभर सरकली. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी त्या पहाटे बेस कॅम्पवर उभे होते. स्फोट झाला साडेपाचच्या सुमारास. उजेड लगेच दिसला, पण हवेचा धक्का यायला सुमारे चाळीस सेकंद लागले. फर्मींनी साधारण सहा फुटांवरून कागदाचे तुकडे सोडायला सुरुवात केली होती, धक्का येण्याआधी काही, येताना काही, गेल्यावर काही. वारा पडलेला होता, त्यामुळे फरक स्वच्छ दिसला. धक्का जाताना जे तुकडे हवेत होते ते अडीच मीटर सरकून पडले. फर्मींनी अंदाज दिला, दहा हजार टन टीएनटी.

ही गोष्ट सांगताना लोक फर्मींच्या हजरजबाबीपणाचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते त्यांच्या तयारीचं. गणित त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. तुकडे इतके सरकले तर स्फोट इतका, हे कोष्टक तयार होतं. धक्का येईल तेव्हा फक्त पावलांनी अंतर मोजायचं होतं. आमच्या धंद्यात यालाच फील्डबुक घरून आखून नेणं म्हणतात.

बाकीची यंत्रं काय म्हणाली? क्वार्ट्झचे विद्युतदाबमापक लावले होते, त्यांची नोंद हाती लागली नाही. किरणोत्साराच्या परिणामाने रेषा पट्टीबाहेर निघून गेल्या. वरून विमानातून पॅराशूटने दाबमापक सोडायचे होते. त्या रात्री वादळी पाऊस झाला, चाचणी चार वाजताची साडेपाचवर गेली आणि विमान जिथे हवं तिथे नव्हतं, म्हणून तेही राहिलं. मात्र सगळ्यात साधी उपकरणं टिकली. त्यातलं एक मला फार आवडतं. एक पेटी, तिला वेगवेगळ्या व्यासाची भोकं, आणि त्यांवर ताणून बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. मोठ्या भोकावरचा पत्रा थोड्या दाबाने फाटतो, लहान भोकावरचा जास्त दाबाने. स्फोटानंतर जाऊन बघायचं, कुठपर्यंत फाटले आणि कुठून शाबूत आहेत. दाब या दोहोंच्या मधे. वीज नाही, तार नाही, बिघडायला काही नाही. आपल्याकडे आजी भाताचं शीत चेपून बघते, त्याच जातीची ही मोजणी.

दुसरी पद्धत वेगाची. आघातलहर ध्वनीपेक्षा वेगाने जाते, आणि किती वेगाने ते तिच्या जोरावर ठरतं. म्हणून मोजलेल्या अंतरांवर ध्वनी टिपणारी साधनं ठेवली. पण ध्वनीचा वेगसुद्धा तापमानाने आणि वाऱ्याने बदलतो. मग काय केलं, तर आधी एक छोटा बार उडवून त्याच ठिकाणी, त्याच हवेत ध्वनीचा वेग मोजून घेतला आणि मग बाँबच्या लहरीचा वेग त्याच्याहून किती जास्त ते पाहिलं. पुन्हा तीच गोष्ट, साखळी आधी. पत्र्याच्या पेटीचं आणि या वेगाचं उत्तर एकच आलं, सुमारे दहा हजार टन. फर्मींच्या कागदांचंही तेवढंच होतं.

आणखी एक मोजणी सांगायलाच हवी. ब्रूनो रॉसी हे इटालियन, वैश्विक किरणांचे मोठे अभ्यासक. त्यांना मोजायचं होतं की साखळी प्रक्रिया, म्हणजे एक अणू फुटून पुढचे अणू फुटत जाणं, किती झपाट्याने वाढते. तिची एकेक पिढी सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपासची. किरण टिपणारा शोधक (डिटेक्टर) बाँबच्या अगदी जवळ ठेवावा लागतो, म्हणजे तो क्षणार्धात वाफ होणार. पण तारेतून जाणारा संकेत त्या नाशाच्या पुढे धावतो. दूरच्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक वळणदार रेषा उमटली, तिचा फोटो निघाला, आणि मागून सगळी तार जळून गेली. एकच रेषा. दुसरी संधी नाही. रॉसींना ती मिळाली.

आता कॅमेरे. बर्लिन ब्रिक्सनर मुख्य छायाचित्रकार होते. पन्नासाहून जास्त कॅमेरे लावले होते. त्यांतले फास्टॅक्स सेकंदाला दहा हजार चित्रांपर्यंत जायचे. ब्रिक्सनर स्वतः उत्तरेच्या आसऱ्याजवळ होते आणि वेल्डिंगच्या काळ्या काचेतून थेट बघण्याची मुभा ज्या थोड्यांना होती त्यांतले ते एक. ते पुढे सांगत की पहिले काही क्षण ते इतके थक्क झाले की कॅमेरा वर वळवायचाच राहून गेला.

यातली काही चित्रं १९४७ मध्ये गुप्ततेतून मोकळी झाली. केंब्रिजचे जेफ्री टेलर (पैजेतले टेलर वेगळे) यांनी त्यावरून १९५० मध्ये जे केलं ते आपण आता फळ्यावर करू. एक गैरसमज आधी काढून टाकतो. लोक सांगतात की टेलरनी कुठल्याशा मासिकातला फोटो पाहिला आणि अमेरिकेचं गुपित फोडलं. टेलर हे काही बाहेरचे नव्हते. या स्फोटलहरीचं गणित त्यांनी १९४१ मध्येच ब्रिटिश सरकारसाठी मांडलं होतं आणि लॉस अलामोसलाही ते सल्ल्यासाठी गेले होते. १९५० मध्ये त्यांनी आपलं जुनं गणित फोटोंवर ताडून पाहिलं.

फोटोत काय दिसतं? जमिनीवर बसलेला एक प्रचंड बुडबुडा. खाली लिहिलेली वेळ, ०.०२५ सेकंद. बाजूला मापासाठी शंभर मीटरची रेघ. गोळ्याची त्रिज्या निघते १३० मीटर. विचार करा, हा गोळा कशाकशावर अवलंबून असेल? किती ऊर्जा सुटली, आजूबाजूची हवा किती जड आहे, आणि किती वेळ झाला. एवढंच. सुरुवातीच्या क्षणांत बाहेरच्या हवेचा दाब या गोळ्यापुढे नगण्य. आता एककं जुळवा. ऊर्जेत वस्तुमान आहे, लांबीचा वर्ग आहे, भागिले काळाचा वर्ग. घनतेत वस्तुमान भागिले लांबीचा घन. ऊर्जेला घनतेने भागलं की वस्तुमान निघून जातं, उरतो लांबीचा पाचवा घात भागिले काळाचा वर्ग. म्हणजे ऊर्जा म्हणजे घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले काळाचा वर्ग. पुढे एक गुणक येतो, तो हवेसाठी जवळजवळ एक आहे.

करू या. १३० चा पाचवा घात, सुमारे ३,७१३ कोटी. हवेची घनता टेलरनी १.२५ धरली. गुणलं, ४,६४१ कोटी. काळाचा वर्ग ०.०००६२५, त्याने भागायचं म्हणजे १,६०० ने गुणायचं. सुमारे ७४ लाख कोटी जूल. एक टन टीएनटी म्हणजे ४१८ कोटी जूल. भागा. आले? सुमारे १७,७०० टन. टेलरनी बारकाईने गुणक काढून, पुष्कळ चित्रं घेऊन जो आकडा दिला तो १६,८००. तुम्ही आत्ता खडूने त्याच्या जवळ पोहोचलात.

आता माझ्या विषयाकडे येतो. ते १३० मीटर कुठून आले? फोटोवर गोळा काही सेंटिमीटरचा असतो. त्याचे मीटर करायला कॅमेऱ्यापासून मनोऱ्यापर्यंतचं अंतर लागतं, आणि ते कुणीतरी त्या धुळीत, उन्हात जाऊन मोजलेलं असतं. त्रिज्या पाचव्या घातात आहे. अंतर मोजताना दोन टक्के चूक झाली तर ऊर्जेत दहा टक्के चूक होते. त्या मोजणीदारांची नावं कुणी घेत नाही. आज इथे मला ती दखल घ्यावीशी वाटते.

मघाशी कागद, पत्रा आणि वेग, तिघांनी दहा हजार सांगितलं होतं. फोटो सतरा हजार म्हणतो. मग खरं कोण? इथे हर्बर्ट अँडरसन येतात. दोन शर्मन रणगाडे शिशाने मढवलेले, एकाच्या तळाला झडप. स्फोटानंतर हा रणगाडा शून्यबिंदूकडे गेला आणि तळातून माती उचलली. वाळू वितळून झालेल्या हिरवट काचेचा थर होता, त्याला पुढे ट्रिनिटाइट म्हणू लागले. या मातीत दोन गोष्टी शोधायच्या, न फुटलेलं प्लुटोनियम, म्हणजे बाँबचं इंधन, आणि फुटलेल्याचे अवशेष. त्यांचं गुणोत्तर काढायचं. यातली खुबी अशी की मूठभर माती घ्या की पोतंभर, गुणोत्तर तेच राहतं. एकूण किती माती उडाली, किती कुठे पडली, काही मोजावं लागत नाही. बाँबमध्ये प्लुटोनियम सुमारे सहा किलो घातलं होतं हे ठाऊक, मग किती फुटलं ते निघालं. साधारण एक किलो फुटलं की सतरा-अठरा हजार टन. या रसायनाने पहिला आकडा दिला तो १८,६००. दहा हजारवाले चुकले नव्हते. ते फक्त हवेचा धक्का मोजत होते, आणि अशा स्फोटात धक्क्यात जाते ती सुमारे निम्मी ऊर्जा. बरीचशी उरलेली उष्णता आणि प्रारणात जाते, तिथे कागदाचं कात्रण हलत नाही. दोन रस्त्यांनी मोजलं, फरक आला, आणि त्या फरकातूनच स्फोटाचा स्वभाव कळला.

पुढे बरीच वर्षं अधिकृत आकडा २१,००० टन राहिला. २०२१ मध्ये लॉस अलामोसच्याच संशोधकांनी जुन्या ट्रिनिटाइटमधल्या मॉलिब्डेनमचे समस्थानिक नव्या वस्तुमानमापकाने तपासले आणि आकडा दिला २४,८००, दोन हजार इकडे-तिकडे. त्या पहाटेची मोजणी ७६ वर्षांनीही चालूच होती.

ट्रिनिटीनंतर तीन आठवड्यांनी हिरोशिमा. तिथेही एक विमान मोजणीसाठी होतं. भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्व्हारेझ त्यात बसले होते, आणि पॅराशूटला बांधलेले दाबमापक खाली सोडले गेले. ट्रिनिटीला जे जमलं नाही ते तिथे जमलं. मला हे वाक्य उच्चारताना त्रास होतो. पण दुसऱ्या बाजूने झालेल्या मोजणीबद्दल बोलायचं असेल तर हे आधी सांगायला हवं.

दुसरी बाजू म्हणजे जपानी शास्त्रज्ञ. योशिओ निशिना ८ ऑगस्टला हिरोशिमात पोहोचले. त्यांच्या हातात कुठलंही आधीचं कोष्टक नव्हतं, खुंट्या मारलेल्या नव्हत्या. रेडक्रॉस हॉस्पिटलात बंद पेटीतल्या एक्स-रे फिल्म काळवंडलेल्या निघाल्या, त्यावरून हा अणुबाँबच हे कळलं. आणि मग त्यांनी स्फोटाची जागा उलट दिशेने काढली. त्या प्रखर उजेडाने दगड, डांबर, लाकूड भाजलं होतं, आणि मधे जे काही आलं त्याची सावली तशीच राहिली होती. पुलाच्या कठड्याची सावली रस्त्यावर, खांबाची भिंतीवर. कठड्याची उंची माहीत, सावलीची लांबी मोजली, कोन निघाला. वेगवेगळ्या जागांच्या सावल्या मागे वाढवल्या की सगळ्या रेषा एका ठिकाणी भेटतात, शिमा हॉस्पिटलच्या वर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर. हे शुद्ध छेदन आहे, इंटरसेक्शन, प्लेन टेबलवर आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो तेच. फरक एवढाच की आमच्या मुलांना स्टेशनं आपण निवडून देतो. त्याच शहरात बँकेच्या पायरीवर बसलेल्या एका माणसाची सावलीही दगडात राहिली.

जपानी शास्त्रज्ञांनी विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे इन्सुलेटरही गोळा केले. ते बसवायला गंधक वापरलेलं असे. न्यूट्रॉन आदळले की गंधकातून किरणोत्सर्गी फॉस्फरस तयार होतो, आणि त्याचं आयुष्य थोड्या आठवड्यांचं. म्हणजे घाई करायची होती. उद्ध्वस्त गावात, माणसं अजून मरत असताना, ही मंडळी खांबावरचे इन्सुलेटर काढून कुठला खांब, किती अंतर हे लिहून ठेवत होती. आजही हिरोशिमाच्या वाचलेल्यांना किती प्रारण लागलं याचा जो हिशोब होतो, त्यात या नोंदींचा वाटा आहे.

ब्रिटिश गणिती विल्यम पेनी हेही नंतर जपानात फिरले, वाकलेले खांब आणि चेपलेले डबे मोजत. १ जुलै १९४६ ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेची अणुचाचणी झाली तेव्हा बाँब लक्ष्यापासून सुमारे ६५० मीटर दूर पडला आणि कित्येक महागड्या उपकरणांचा नेम चुकला. पेनींनी तिथे पेट्रोलचे रिकामे डबे मांडून ठेवले होते. डबा किती चेपला त्यावरून दाब. त्यांनी आकडे दिले.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच मी आज आलो, असं म्हटलं तरी चालेल. ट्रिनिटीला शून्यबिंदूपासून दहा हजार यार्डांपर्यंत जी बारीक मोजणी झाली, तशी त्या वर्तुळाबाहेर झाली नाही. ढग बारा किलोमीटरच्या आसपास चढला आणि त्याचा मोठा भाग ईशान्येला गेला. गायगर यंत्रं घेऊन काही गाड्या रस्त्यांवरून फिरत होत्या. पण गाडी रस्त्यावरच जाते, आणि धूळ काही रस्ता बघून पडत नाही. सुमारे तीस किलोमीटरवर एका घळीत काटा ताशी १० रोंटजेनच्या (रोंटजेन हे प्रारण मोजण्याचं एकक) वर गेला. त्या काळी प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला दिवसाला ०.१ रोंटजेन चालेल असं धरत. त्या घळीचं नावच हॉट कॅन्यन पडलं. वैद्यकीय प्रमुख स्टॅफर्ड वॉरन यांनी २१ जुलैला प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांना कळवलं की अशी चाचणी पुन्हा करायला ही जागा लहान आहे, किमान १५० मैल त्रिज्येत वस्ती नसावी. शून्यबिंदूपासून वीस मैलांच्या आत लोक राहत होते.

काही महिन्यांनी कोडॅक कंपनीच्या एक्स-रे फिल्मवर बारीक काळे ठिपके येऊ लागले. ज्युलियन वेब यांनी माग काढला. फिल्मच्या वेष्टनाचा पुठ्ठा इंडियाना राज्यात वाबाश नदीकाठच्या गिरणीत झाला होता, आणि नदीच्या पाण्यातून ट्रिनिटीची धूळ पुठ्ठ्यात आली होती. दीड हजार किलोमीटरांहून दूर. ही मोजणी कुणीही योजलेली नव्हती, आणि तरी ती झाली, कारण फिल्म खराब झाली की कुणाचं तरी नुकसान होत होतं.

पलीकडच्या पशुपालकांचं काय झालं? गुरांच्या पाठीवरचे केस गेले, मग पांढरे उगवले. सैन्याने काही गुरं विकत घेतली. लोकांना वर्तमानपत्रातून सांगण्यात आलं की दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. त्या भागात लोक छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवून पीत. त्या टाक्यांची मोजणी कुणी केली नाही. प्रारणबाधितांना भरपाई देणारा अमेरिकेचा कायदा १९९० मध्ये आला, त्यात नेवाडाच्या चाचण्यांजवळचे लोक होते, न्यू मेक्सिकोचे नव्हते. ट्रिनिटीच्या वाऱ्याखालच्या या लोकांचं नाव त्यात यायला २०२५ उजाडलं.

हॉट कॅन्यनच्या तपासात दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना एक घर सापडलं. मातीच्या विटांचं. आजी-आजोबा आणि त्यांचा लहान नातू. सैन्याने चाचणीआधी आजूबाजूच्या वस्तीचे नकाशे केले होते, कुठल्या घरातली माणसं हलवावी लागतील ते ठरवायला. हे घर त्यांत नव्हतं. डॉक्टरांनी यंत्र लावलं, आकडे लिहून घेतले. घरातल्या कुणालाही हलवलं नाही.